सुरूर-वाई रस्त्यावरचे वड आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. ‘पुण्यात बसून वडांचे गोडवे गायला काय जातं? आम्हाला रुंद रस्ता, स्वागतकमान आणि कृष्णेच्या घाटावर चकचकीत फरशी हवी,’ असं तुम्ही सुरूर-वाई रस्त्याचे वड वाचवा म्हणणाऱ्या माझ्या लेखावर लिहिलंत. पुण्यात राहतो हे खरं. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांत दुचाकीवाल्याला बुंधा दिसत नाही, हेही खरं. लेखात ते यायला हवं होतं.

पण त्यावर बुंध्यांना रिफ्लेक्टर, वळणाआधी रंबलर (वेग कमी करायला लावणारे छोटे उंचवटे) आणि नीट भरलेली साइडपट्टी हे उपाय आधी करून तरी बघू. झाडं धोकादायक झालीत म्हणता, ती होतात कशी ते बघा. डांबर थेट बुंध्याला भिडवायचं, म्हणजे मुळांना पाणी नाही, हवा नाही. टेकू देणाऱ्या पारंब्या आड येतात म्हणून छाटायच्या. रस्त्याकडच्या फांद्या तोडून सगळा भार एकाच अंगाला टाकायचा. मग वादळात झाड पडलं, की दोष वडाचा!

‘एक तोडून दहा लावू’ हेही पटत नाही. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज ट्री ठरतं आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. कायदा शहरी हद्दीपुरता आहे, पण हिशेब तोच धरायला हवा. सुरूर फाट्याला महामार्ग सोडल्यावर डोक्यावर फांद्या येतात, तिथेच मला वाई सुरू झाल्यासारखी वाटते. सिमेंटची कमान कुठल्याही गावाला असते.

घाटाचं म्हणाल, तर वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत बघा. १७६२ साली सरदार रास्त्यांनी देऊळ बांधलं, तेव्हा कृष्णेचा पूर दुभंगून जावा म्हणून ती माशासारखी निमुळती केली. इतका पाण्याचा विचार करून उभ्या राहिलेल्या काठावर गुळगुळीत फरशी? पुराचा गाळ बसला की पहिल्यांदा म्हातारी माणसंच घसरतील. निखळलेला काळा दगड त्याच जागी पुन्हा बसवावा, एवढंच म्हणणं आहे. घाटाजवळच्या गणपती आळीत गाड्या नकोत, हे मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. त्या गावाबाहेर थांबल्या पाहिजेत.

वडाची मनगटाएवढी फांदी पावसाळ्याच्या तोंडावर लावली तरी रुजते. रांगेत जिथे खिंडारं पडलीत, तिथे रस्त्यापासून थोडं आत सरकून त्या लावता येतील. तुम्ही रोज त्या रस्त्यानं जाता. कुठल्या वळणांवर गाड्या आदळतात तेवढं कळवा, रिफ्लेक्टरची मागणी तिथूनच सुरू करू.