ढापा दिसला म्हणून चेंबर चांगला होत नाही

परवा आमच्या कॉलनीत दोन पोरं येऊन ड्रेनेजचा सर्व्हे करून गेली. एकजण मोबाईलवर फोटो काढायला, दुसरा कागदावर टिक मारायला. ढापा, म्हणजे चेंबरवरचं झाकण, जागेवर आहे म्हणजे चेंबर चांगला, नाही म्हणजे खराब. अर्ध्या तासात चार गल्ल्या संपल्या, एकही ढापा उघडला नाही. मी विचारलं तर म्हणे, "काका, आम्हाला एवढंच सांगितलंय." पोरांचा दोष नाही, पण मी बारा वर्षं ड्रेनेज लाईनच्या साईटवर काढलेत, म्हणून हे बघून राहवलं नाही आणि लिहायलोय.

आधी ढाप्याचंच घ्या. सिमेंटच्या ढाप्याला आयएस 12592 या भारतीय मानकाप्रमाणे, किती वजन झेलतो त्यावरून ग्रेड असतात, 2.5 टन, 10 टन, 20 टन, 35 टन. 2.5 टनवाला फुटपाथसाठी, बंगल्याच्या आवारासाठी. आपल्याकडं मात्र ज्या रस्त्यानं कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या जातात तिथं पण हलकाच टाकतात, मग सीझनमध्ये फुटला की वर बाभळीची फांदी खोचायची आणि पुढचा पावसाळा येऊ द्यायचा. 2017 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, एवढा मोठा डॉक्टर माणूस, तेव्हा सगळा देश हळहळला. आपल्याकडं तो धोका दर जूनला असतोच.

पण खरा रोग आत असतो. घाण पाणी एका जागी थांबलं की सडतं, त्यातून हायड्रोजन सल्फाईड गॅस निघतो, तो वरच्या ओल्या भिंतीला लागला की तिथले जंतू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि ते सिमेंट खातं. वरून ढापा एकदम टकाटक आणि आत प्लास्टर इतकं मऊ की सळई टोचली तर पिठासारखं गळतं, खडी उघडी पडलेली, उतरायच्या लोखंडी पायऱ्या गंजून तारेएवढ्या. आपल्या मराठवाड्यात तर हे जास्तच होणार, कारण नळाला पाणी रोज नाही. आमच्याकडं आठ-आठ दिवसांनी येतं. मधल्या दिवसात लाईनमध्ये वाहायलाच काही नाही, गाळ बसतो, गॅस धरतो. आणि पाणी आलं की सगळ्यांचं धुणं एकदम, लाईन फुल, चेंबर तोंडापर्यंत. म्हणून मी म्हणतो चेंबर बघायचा तर पाण्याच्या दिवशी एकदा आणि कोरड्या दिवशी एकदा. कोरड्या दिवशी भिंतीवर तेलकट काळी रेघ दिसली ना, की समजायचं इथपर्यंत पाणी चढलं होतं, पुढं कुठंतरी चोकअप आहे.

काळ्या मातीचं वेगळंच. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, चेंबर हलतो आणि पाईप जिथं भिंतीत शिरतो तिथला जॉईंट सुटतो. पावसाच्या दुसऱ्या दिवशी ढापा उघडून बघा, त्या फटीतून स्वच्छ पाणी झिरपताना दिसेल. ते पाणी माती घेऊन येतं, बाहेर पोकळी होते आणि एक दिवस रस्ताच खचतो, मग म्हणायचं अचानक खड्डा पडला.

आणि हे सगळं बघायला माणूस आत उतरवायची काहीच गरज नाही, हे मला ओरडून सांगायचंय. आधी शेजारचे दोन-तीन ढापे उघडून हवा खेळू द्यायची, गॅस डिटेक्टर दोरीनं खाली सोडायचा, जवळपास बिडी-काडी कुणी पेटवायची नाही. मग लांब काठीला कॅमेरा. कॅमेरा नसेल तर जुने सुपरवायझर वापरायचे ती आरशाची पद्धत आहे, एका चेंबरमधून पाईपात उजेड टाकायचा, दुसऱ्या चेंबरमध्ये काठीला तिरपा बांधलेला आरसा सोडून वरून बघायचं. पूर्ण गोल दिसला तर लाईन सरळ आणि मोकळी, अर्धा चंद्र दिसला तर गाळ तरी आहे नाहीतर पाईप बसलाय.

आमच्या साईटवर एक मामा होते, वीस वर्षं लाईनीत उतरलेले. ते म्हणायचे, "साहेब, घाण वास येतोय तोवर बरंय, वास यायचा बंद झाला की पळायचं." ते खरंच आहे, हा गॅस वाढला की नाकच बधिर होतं. 2013 चा कायदा आहे, सेफ्टीचं सामान न देता कुणाला गटारात उतरवता येत नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना 10 लाखाची भरपाई 30 लाख केली. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँक साफ करताना पाच माणसं गेली. पाच. अजून ते डोक्यातून जात नाही.

मला मोठं काही नकोय. प्रत्येक चेंबरला नंबर द्या, रजिस्टरला खोली, भिंत, जॉईंट, गाळ किती बोटं, ढाप्याचा ग्रेड एवढं लिहा, आणि डांबराखाली गाडलेले ढापे आधी शोधा. सरळ लाईनीत साधारण 30 मीटरवर एक चेंबर असतो, टेप लावला तरी अंदाज येतो. आमच्या गल्लीत मोजले तर नऊ पाहिजेत, दिसतात सहा. रविवारी सकाळी मी खडू आणि टेप घेऊन त्या तीन जागा मार्क करणारे, कॉलनीतलं कुणी येणार असेल तर सातला मारुतीच्या पारापाशी या. ढापा कुणी उघडायचा नाही, फक्त वरून खुणा करायच्या.