धिरडं म्हटलं, तिथंच चुकलं

ताई,

तुमची प्रतिक्रिया बुधवारी रात्री वाचली आणि तावातावाने उत्तर लिहायला घेतलं. ते पाठवलं नाही हे बरं झालं, कारण त्यात उत्तर कमी आणि सारवासारव जास्त होती. शनिवारी पुन्हा त्याच बाजारात जाऊन आलो. आता लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सोलच्या ग्वांगजांग बाजारावर मी जो लेख लिहिला, त्यात बिंदेत्तोकबद्दल एक वाक्य होतं: ‘हे म्हणजे आपलं मुगाचं धिरडंच, शाकाहाऱ्यांनी डोळे मिटून खावं.’ ताई नाशिकहून फिरायला आल्या होत्या. सोबत सासूबाई, माळकरी. माझ्या भरवशावर त्यांनी आईंना बिंदेत्तोक घेऊन दिलं आणि तिसऱ्या घासाला दाताखाली खिमा आला. आईंनी पुढचे दोन दिवस पाण्याशिवाय आणि फळांशिवाय काही घेतलं नाही. ताईंचे आक्षेप तीन. न विचारता लिहिलंत. परदेशात जाऊनही तुम्हाला सगळीकडे आपलंच दिसतं, मग जाता कशाला? आणि पर्यटकांना गंडवायला मांडलेल्या बाजाराची एवढी भलामण कशासाठी?

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. मी स्वतः सगळं खातो. त्यामुळे माझ्या ताटलीत खिमा होता की नव्हता, हे मला आठवतसुद्धा नाही. तिकडे लक्षच नव्हतं. ज्याला फरक पडत नाही त्याने ज्याला पडतो त्याला ‘डोळे मिटून खा’ म्हणून सांगायचं, हा निव्वळ आगाऊपणा झाला. आईंची माफी मागतो. माझा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवा, किंवा त्यांचा राग अजून गेला नसेल तर सध्या नका पोचवू.

तर शनिवारी. मी राहतो सुवॉनला. तिथून एक नंबरची लोकल थेट जोंगनो ५-गा स्टेशनला जाते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. बाहेर थंडी होती. या बाजारातल्या बाकड्यांखाली विजेची उब असते, त्यामुळे हिवाळ्यात एकदा बसलेलं गिऱ्हाईक लवकर उठत नाही. मीही दीड तास उठलो नाही. समोर जी बाई तळत होती तिला नुसतं बघत बसलो. हे खरं तर पहिल्या वेळीच करायला हवं होतं.

तिच्या डाव्या हाताला दगडी जातं, मोटारीवर फिरणारं. आपल्याकडे जात्यावर दळण कोरडं, ओल्यासाठी पाटा-वरवंटा किंवा रगडा. इथे मात्र भिजवून सालं काढलेले मूग पाण्यासकट जात्याच्या तोंडात जातात आणि फिकट पिवळं पीठ कडेने ओघळत खालच्या भांड्यात पडतं. इथपर्यंत माझं धिरडं शाबूत होतं. मग तिने त्या पिठात मोड आलेले मूग घातले, चांगले बोटभर लांब मोडांचे. पातीचा कांदा घातला. आणि मग चिरलेली किमची, म्हणजे मीठ-तिखटात मुरवलेला कोबी. डावभर पीठ तव्यावर टाकलं, पण तवा म्हणजे नावालाच तवा. तेल इतकं की पीठ अर्धं त्यात बुडालं. दोन्ही हातांत दोन उलथनी घेऊन तिने ते पलटलं तेव्हा कडा करकरीत तपकिरी झाल्या होत्या आणि मध्ये बोटभर जाडी. धिरड्याला आपण तेलाचं बोट लावतो, ताई. हे त्या तेलात पोहत होतं. आणि त्याच तेलात, वीतभर अंतरावर, मांसाचे चपटे वडे तळले जात होते. त्याला गोगी वान्जा म्हणतात. गोगी म्हणजे मांस.

मी तिला विचारलं, यात गोगी आहे का? तिने बिंदेत्तोककडे बोट दाखवून मान हलवली, नाही. मग वान्जाकडे बोट दाखवलं, गोगी ते. अगदी प्रामाणिक उत्तर. तिच्या हिशेबाने पिठात मांस नाही म्हणजे पदार्थात मांस नाही. तेल एकच आहे हा प्रश्न तिच्या डोक्यात येण्याचं कारणच नाही. मग मी किमचीचं विचारलं. त्यात सेउजोत असतं का? सेउजोत म्हणजे मिठात मुरवलेली बारीक कोळंबी. ती हसली. किमची म्हटल्यावर सेउजोत आलंच, नाहीतर माशांचं एकजोत. मीठ घातलंय का विचारल्यासारखा माझा प्रश्न.

शेजारच्या दुकानात पिठातच डुकराचा खिमा मिसळलेला होता. तुम्हाला मिळालं ते बहुधा असंच कुठलंतरी. म्हणजे एकाच गल्लीत, एकाच नावाखाली, दुकानागणिक पदार्थ वेगळा. पूर्वी तर तळणंच डुकराच्या चरबीत व्हायचं. आता बहुतेक ठिकाणी साधं तेल असतं. हे सगळं बघितल्यावर सांगतो: माळकरी माणसाने या बाजारात बिंदेत्तोक खाऊ नये. खिमा नसलेलंसुद्धा. तोक्बोक्की तर नाहीच. तांदळाच्या त्या लाल तिखट वळकट्या दिसतात निरुपद्रवी, पण रस्सा बहुतेकदा सुक्या माशांच्या पाण्यात केलेला असतो आणि त्यात ओमुक, म्हणजे माशाच्या लगद्याच्या पट्ट्या. सुन्दे, म्हणजे आतड्यात रक्त आणि शेवया भरलेलं, आणि युखे, म्हणजे कच्चं गोमांस, यांबद्दल मूळ लेखात सावध केलं होतं. तेवढं तरी केलं होतं.

आता दुसरा आक्षेप. इथे मी थोडा भांडणार आहे.

‘सगळीकडे आपलंच दिसतं’ हे खरं आहे. पण अनोळखी पदार्थ समोर आला की जीभ आधी घरचंच काहीतरी शोधते, त्याला इलाज नाही. कोरियन माणूस आपल्याकडे धिरडं खाईल तेव्हा त्यालाही बिंदेत्तोकच आठवेल, आणि ‘अरे, एवढं पातळ का?’ असं वाटेल. चूक तुलनेत नव्हती. मूग खरे, भिजवणं-वाटणं खरं. नोकदू या त्यांच्या मुगाच्या नावाचा अर्थही हिरवं कडधान्य असाच आहे. माझी चूक त्याच्या पुढची. मुगापर्यंत साम्य दिसलं आणि बाकीचं मी पदरचं घातलं: धिरडं आहे म्हणजे शाकाहारीच असणार, न्याहारीचंच असणार, घरगुतीच असणार. यातलं एकही खरं नाही. हा माक्कोल्लीबरोबर, म्हणजे तांदळाच्या पांढुरक्या दारूबरोबर, संध्याकाळी चार माणसांनी मिळून खायचा पदार्थ आहे. पाऊस पडायला लागला की कोरियन लोकांना असलं तळलेलं खावंसं वाटतं. तव्यावरची चरचर पावसासारखी वाजते म्हणून, असं ते सांगतात. आपली पावसातली कांदाभजी जवळची, असं लिहायला हात शिवशिवतोय. पण आता जपून.

आणि एक साम्य मात्र मी अजिबात मागे घेणार नाही. या दुकानांतल्या बायकांना गिऱ्हाईक ‘इमो’ म्हणून हाक मारतं. इंग्रजीत त्याचं ‘आंटी’ करतात आणि सगळी गंमत घालवतात. इमो म्हणजे आईची बहीण. वडिलांच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, गोमो. दुकानात कुणी गोमो म्हणत नाही. आपणही भाजीवालीला मावशी म्हणतो, आत्या म्हणत नाही. का, ते मला दोन्हीकडचं ठाऊक नाही, पण पहिल्यांदा ‘इमो!’ अशी हाक ऐकली तेव्हा मी मंडईत उभा असल्यासारखा वळून बघितलं होतं. हे मला सुवॉनमध्ये चार वर्षं काढूनही कुणी शिकवलं नसतं. ते ‘आपलं’ दिसण्याच्या खोडीमुळेच दिसलं.

तिसऱ्या आक्षेपाचं फार लांबवत नाही. बाजार मुळात कापडाचा. १९०५ मध्ये, जपानची पकड आवळत चाललेली असताना, कोरियन व्यापाऱ्यांनी स्वतःच्या भांडवलावर उभा केलेला. तिथे आजही लग्नाच्या हानबोकचं, म्हणजे पारंपरिक पोशाखाचं, रेशीम घ्यायला आया आपल्या मुलींना घेऊन येतात, वरच्या मजल्यावर जुन्या कपड्यांचे ढीग असतात. खाण्याच्या मधल्या गल्लीत मोबाइल उंच धरून चालणाऱ्यांची झुंबड असते हे खरं. त्यातला एक मीही. दरांबद्दल ओरड झाली, तीही खरी. २०२३ च्या अखेरीला पंधरा हजार वॉनच्या ताटलीत मोजकेच तुकडे दिल्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि महापालिकेला ताटलीत किती देणार ते लिहून लावायचा नियम आणावा लागला. मी बिंदेत्तोकचे पाच हजार वॉन दिले, साधारण तीनशे रुपये. पोट भरलं. पण दोन पावलं बाजूला होऊन कापडाच्या गल्लीत गेलात तर गर्दी एकदम विरते, आणि गठ्ठ्यांवर बसून डबा खाणारे दुकानदार दिसतात.

मग आईंना काय देता आलं असतं? हे शोधायलाच मुख्यतः गेलो होतो. होबाकजुक. लाल भोपळा शिजवून, घोटून, तांदळाच्या चिकट पिठाने दाटवलेली पेज, किंचित गोड, वर तांदळाच्या छोट्या गोळ्या. गरम, मऊ, दाताला त्रास नाही. मी विचारून घेतलं: भोपळा, पीठ, साखर, मीठ. शेजारीच लाल चवळीसारख्या दाण्यांचं पातजुक असतं, तेही चालेल. बोटाएवढी किम्बाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेली भाताची वळकटी, मिळते, गाजर, पालक आणि पिवळा मुरवलेला मुळा घातलेली. पण काही ठिकाणी तिच्यात मांस किंवा ओमुक सरकवतात, तेव्हा एक कापून बघा. आणि नीट बसून जेवायचं असेल तर तिथून दोन स्टेशनांवर, जोंगगाकला उतरून जोग्येसा मठाकडे जा. समोरच मठातल्या पद्धतीचं जेवण मिळतं: मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. आईंना हे सांगितलंत तर कदाचित कोरियाबद्दलचं मत थोडं मवाळ होईल.

कुणी जाणार असेल तर हे पाठ करा: ‘गोगी, सेंगसॉन, हेमुल, ता आन मोगोयो.’ मांस, मासे, समुद्रातलं, काहीच खात नाही. नुसतं ‘गोगी नको’ म्हणून भागत नाही, ते वर बघितलंच. आणि रश्श्याला ‘युक्सु’ म्हणतात, त्याबद्दल वेगळं विचारा.

मूळ लेखातलं ते वाक्य खोडून ठेवलंय, पुसलेलं नाही, आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय. नको असेल तर सांगा, काढतो.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की आईंचा चेहरा बघून त्या दुकानातल्या बाईंनी पैसे घेतले नाहीत, उलट एक संत्रं सोलून त्यांच्या हातात ठेवलं. शनिवारी मी तीन-चार जणींना विचारून बघितलं, कुणी कबूल होईना. दुकान जात्याच्या उजवीकडचं होतं की डावीकडचं, एवढं आठवत असेल तर कळवा.