वरचा आकडा आणि खालचा पगार

खेळाडूंच्या लिलावाचा हंगाम आला की सांगलीतल्या माझ्या शाळासोबत्यांमध्ये एक जुना वाद नव्याने सुरू होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली तेव्हा तो झाला, आणि युरोपातल्या एखाद्या फुटबॉलपटूचा आठवड्याचा पगार बातमीत आला की पुन्हा होतो. एका बाजूचे म्हणणे असे की, ज्या जिल्ह्यात द्राक्षबागायतदार एका अवकाळी पावसात वर्षाची कमाई गमावतो, तिथल्या माणसाला चेंडूमागे धावणाऱ्याचे हे आकडे पाहून संताप येणारच, आणि अशा कमाईला कायद्याने कमाल मर्यादा घातली पाहिजे. दुसरी बाजू म्हणते की गुण आहे त्याला मोल मिळणारच; खेळात आता पैसा आला आहे, तेव्हा मुलांना दहावीची वाट न पाहता अकादमीत घालावे. मी गेली अनेक वर्षे मँचेस्टरमध्ये राहतो आणि जगातले दोन अतिश्रीमंत फुटबॉल क्लब याच शहरात आहेत, म्हणून निवाडा माझ्याकडे मागितला जातो. माझे मत दोन्ही बाजूंना रुचत नाही, कारण दोघांचेही डोळे वरच्या आकड्यावर खिळलेले आहेत आणि फुटबॉलमधली विषमता समजून घ्यायची तर पाहायला हवे खालच्या पगाराकडे.

वरचा आकडा एवढा का फुगतो, हे कुंडलचे कुस्ती मैदान पाहिलेल्या माणसाला सांगणे अवघड नाही. तिथे रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि शेवटी एक नंबरची जोड लागते. इनामाचा फरक मोठा असतो, पण मैदानाभोवती किती माणसे बसू शकतात आणि लोकवर्गणी किती जमू शकते, याला एक हद्द असते. दूरचित्रवाणीने फुटबॉलची ही हद्द मोडली. एकच सामना एकाच वेळी कोट्यवधी लोक पाहू लागले, की पहिल्या आणि पन्नासाव्या क्रमांकाच्या खेळाडूच्या कौशल्यातला थोडासा फरकही कमाईत शेकडो पटींचा होतो, कारण प्रत्येक प्रेक्षक पहिल्यालाच पाहू शकतो. शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये हेच तत्त्व मांडले होते आणि फुटबॉलने ते पुढच्या चार दशकांत तंतोतंत खरे केले.

कमाल मर्यादेचा उपाय सुचवणाऱ्यांनी मात्र इंग्लंडचा इतिहास जरूर पाहावा, कारण तो प्रयोग इथे साठ वर्षे चालला. १९०१ मध्ये व्यावसायिक खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक देता येणार नाही, असा नियम झाला. त्याविरुद्ध २ डिसेंबर १९०७ रोजी याच मँचेस्टर शहरातल्या इम्पीरिअल हॉटेलात खेळाडूंची संघटना स्थापन झाली, आणि तिच्या पुढाकारात होता मँचेस्टर युनायटेडचा त्या काळातला सर्वांत लोकप्रिय खेळाडू बिली मेरेडिथ. मर्यादा उठायला जानेवारी १९६१ उजाडावा लागला. तोवर ती वीस पौंडांपर्यंत पोचली होती. त्या अखेरच्या लढ्याचे नेतृत्व जिमी हिल यांनी केले, आणि मर्यादा उठताच फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला शंभर पौंड मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. मर्यादेच्या त्या काळात मैदाने खच्चून भरत होती, तिकिटांचा पैसा क्लबांकडे जात होता, आणि करार संपला तरी क्लबच्या संमतीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नव्हते. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने ही बांधून ठेवण्याची पद्धत अवाजवी ठरवली, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानच्या बाजूने निकाल देऊन कराराची मुदत संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबकडे मोबदल्याविना जाण्याची मोकळीक दिली. आजचे अवाढव्य पगार याच न्याय्य लढ्यांमधून शक्य झाले आहेत. म्हणून पगारावर झाकण ठेवले तर पैसा शेतकऱ्याकडे किंवा छोट्या खेळाडूकडे जाईल, हा समज मला मान्य नाही. इतिहासात तो मालकांकडे राहिला.

पण गुणाला मोल मिळतेच, हे म्हणणेही मी मान्य करू शकत नाही, आणि त्याचे कारण मँचेस्टरच्या उत्तरेला, शहराच्या मध्यापासून पंधरा किलोमीटरच्या आत आहे. बेरी हा १८८५ मध्ये स्थापन झालेला क्लब. त्याने १९०० आणि १९०३ अशी दोनदा एफए कपची स्पर्धा जिंकली होती. डिसेंबर २०१८ मध्ये तो अवघ्या एका पौंडाला विकला गेला. २०१८-१९ च्या हंगामाच्या उत्तरार्धात खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार रखडले, आणि त्याच काळात त्या खेळाडूंनी चौथ्या विभागात दुसरा क्रमांक मिळवून संघाला वरच्या विभागात नेले. ज्यांच्या घरी हप्ते थकले होते त्यांनी मैदानावर आपले काम चोख केले. तरी २७ ऑगस्ट २०१९ रोजी क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली, कारण तो चालवण्याइतका पैसा असल्याचा पुरावा मालक देऊ शकला नाही. गुण सिद्ध होऊनही मोल न मिळाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही, आणि ते जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगच्या शेजारी घडले, हे मला आजही अस्वस्थ करते.

या शेजाराचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. इंग्लंडमध्ये एके काळी प्रक्षेपणाचा पैसा चारही विभागांतल्या ९२ क्लबांत वाटला जात असे. मोठ्या क्लबांनी तो हळूहळू आपल्याकडे वळवला आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग वेगळी काढून तो जवळजवळ सगळा स्वतःकडे ठेवला. त्या लीगच्या आत वाटप बऱ्यापैकी समान आहे. २०२२-२३ मध्ये तळाला राहिलेल्या साउदम्प्टनलाही लीगकडून दहा कोटी पौंडांहून अधिक मिळाले. कडा आहे ती विभागाविभागांमध्ये, आणि ती बाजाराने आपोआप तयार केलेली नसून माणसांनी एका बैठकीत बसून ठरवलेली आहे. बाजार आणि गुण यांचा जप करणारे माझे मित्र नेमका हा भाग विसरतात.

जगभरातले चित्र तर याहून कठोर आहे. फिफप्रो या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये ५४ देशांतल्या सुमारे चौदा हजार व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ४५ टक्के खेळाडूंना महिन्याला एक हजार डॉलरपेक्षा कमी मिळत होते, आणि ४१ टक्के खेळाडूंचा पगार आधीच्या दोन वर्षांत कधी ना कधी उशिरा झाला होता. ही माणसे हौशी नव्हती. फुटबॉल हीच त्यांची नोकरी होती. याच्या शेजारी अमेरिकेची मेजर लीग सॉकर ठेवून पाहावी. २०२३ मध्ये लिओनेल मेस्सीला तिथे वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक हमीची रक्कम होती, आणि सर्वांत कमी पगाराच्या खेळाडूला ६७,३६० डॉलर. म्हणजे तफावत सुमारे तीनशे पटींची. तरीही त्या तळच्या खेळाडूला सामूहिक कराराने ठरलेला किमान पगार मिळतो, आणि तिथली खेळाडूंची संघटना सगळ्यांचे पगार नावानिशी जाहीर करते. तफावत तीनशे पट असूनही मला ही व्यवस्था पगार थकवणाऱ्या गरीब लीगपेक्षा अधिक न्याय्य वाटते, आणि माझ्या मताचा सगळा भार या एका तुलनेवर आहे.

आता सांगलीकडे पाहतो. शेजारच्या कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहारसारख्या तालमींच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाते, आणि आपल्याकडची मुलेही फुटबॉलकडे वळताना दिसतात. त्यांना दाखवले जाणारे स्वप्न इंडियन सुपर लीगचे असते. २०२५ च्या जुलैमध्ये ती लीगच हक्कांच्या करारावरून अडकली, पुढचा हंगाम अनिश्चित झाला आणि काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगार थांबवले. देशाच्या सर्वोच्च लीगमधल्या खेळाडूची ही स्थिती असेल, तर तिच्या खालच्या पायऱ्यांवरच्या मुलाने कशाचा भरवसा धरावा? स्मृती मानधना आमच्या सांगलीची, म्हणून २०२३ च्या महिला प्रीमियर लीग क्रिकेटच्या लिलावातली तिची ३ कोटी ४० लाखांची बोली सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण संकेत सरगर हाही सांगलीचाच. वडिलांची चहा-पानाची टपरी सांभाळून त्याने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचे रौप्यपदक मिळवले, आणि तेही वजन उचलताना कोपराला दुखापत झालेली असताना. पदक आले म्हणून त्याचे नाव आपल्याला कळले. हीच दुखापत जिल्हा स्पर्धेत झालेल्या मुलाच्या उपचारांचा खर्च त्याच्या घरच्यांवर पडतो, आणि कर्ज काढून मुलगा अकादमीत घातलेल्या घराला तो झेपत नाही.

त्यामुळे माझी मागणी दोन्ही बाजूंपेक्षा लहान आहे, आणि म्हणूनच ती होण्याजोगी आहे असे मी धरून चालतो. सांगली-मिरजेत जिथे जिथे खेळाडूंवर बोली लावून स्पर्धा भरवल्या जातात, तिथे बोली सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूच्या हातात लेखी करार असावा, ठरलेली रक्कम आयोजकांनी आधी बँकेत भरून ठेवावी, आणि अपघात विम्याशिवाय कोणालाही मैदानात उतरवू नये. अकादमीत जाणाऱ्या मुलाची शाळा सुटता कामा नये. इंग्लंडच्या क्लबांत सोळा ते अठरा वर्षांच्या प्रशिक्षणार्थींच्या दोन वर्षांच्या करारात अभ्यासक्रमही असतो, तो तिथल्या क्लबांनी आणि खेळाडूंच्या संघटनेने मिळून चालवलेला आहे. आपल्याकडे हे काम पहिल्यांदा निवृत्त खेळाडूंनीच हाती घ्यावे लागेल, कारण १९०७ मध्येही नियम करणाऱ्यांनी ते केले नव्हते. मेरेडिथ स्वतः त्या मर्यादेतही बरे कमावू शकला असता. १९०९ मध्ये संघटना सोडा नाहीतर खेळू देणार नाही अशी धमकी आली, तेव्हाही मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी ती सोडली नाही. आज ज्यांच्यावर कोटींची बोली लागते, त्या आपल्या जिल्ह्यांतल्या खेळाडूंकडून मला त्यांच्या पगारातला वाटा नको आहे; तळच्या खेळाडूचा पगार थकला, तर तो मिळेपर्यंत आपणही मैदानात उतरणार नाही, एवढे त्यांनी जाहीरपणे म्हणावे.