वहीतलं गाव आणि ब्लॉगवरचं गाव

ब्लॉग म्हणजे उघडी ठेवलेली डायरी, असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. दोन्ही लिहितो म्हणून बोलतो.

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडे डायरी विकत घेणारा माणूस क्वचितच दिसेल. जानेवारीत कृषी केंद्रातून बियाण्या-खताच्या कंपनीची फुकट मिळते, मागच्या पानांवर फवारणीचे तक्ते असलेली. बाबांनी आयुष्यभर तीच वापरली, मीही तीच. नोंद केवढी, तर "ताण तोडला. मोटर जळाली. सांजेला वारं." एवढीच. वाचणारा मीच, मग फोड कोणासाठी करायची?

ब्लॉगर ही सेवा १९९९ची, गूगलनं ती २००३ मध्ये घेतली. आमच्यापर्यंत ब्लॉग यायला मात्र उशीर झाला, आणि अडचण इंटरनेटइतकीच अक्षरांची होती. तालुक्याच्या डीटीपीवाल्यानं टाइप केलेलं मराठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसते किडेमकोडे, कारण तिथं तो फॉन्ट नसायचा. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरं, रुळल्यावर ती कटकट गेली. २०१६ मध्ये जिओ आलं, २०१७ मध्ये गूगलच्या कीबोर्डला मराठी बोललेलं कळायला लागलं, आणि धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसून लिहिता यायला लागलं. (शेजारच्या वावरातले काका अजूनही विचारतात, "काहून गा, कोनाशी बोलून राह्यला?")

ब्लॉगवर "ताण तोडला" लिहून भागत नाही. पुण्यातला भाचा वाचतो, त्याला वाटतं मामाचं टेन्शन गेलं. मग लिहावं लागतं की आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत संत्र्याचं पाणी बंद करतात, झाडाला जरा सुकू देतात आणि मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून ताण जास्त दिवस द्यावा लागतो, हलक्या जमिनीत कमी. हे मला माहीत होतंच, पण लिहून काढल्यावर मी बाबांच्या जुन्या डायऱ्या काढल्या आणि दरवर्षी पाणी कधी सोडलं, फळगळ कधी झाली, ते शेजारी शेजारी मांडून बघितलं. वहीत लिहिताना हे कधी सुचलं नव्हतं. परक्याला समजावून सांगायच्या निमित्तानं माणूस स्वतःच्या कामाकडे नीट बघतो, हा ब्लॉगचा खरा फायदा. लाइक वगैरे सोडा.

आणि तोटा? ब्लॉगवरच्या लिखाणात खरी माणसं येत नाहीत. शहरात नाव बदलून लिहिलं की झालं. आमच्या गावात "एका नातेवाइकानं धुरा कोरला" एवढं लिहिलं, की संध्याकाळी पानठेल्यावर नावासकट चर्चा. जगानं वाचलं तर मला काही वाटत नाही, पण ते जग जर मारुतीच्या पारावर बसत असेल तर हात आखडतो. त्यामुळे माझ्या ब्लॉगवरचं गाव फार सज्जन आहे. पाऊस, कोळशी (संत्र्यावर धरणारी काळी बुरशी), बाजारभाव, पोळा, सगळं आहे, भांडण नाही. पन्नास वर्षांनी कोणी तेवढंच वाचलं तर त्याला वाटेल, इथं देवमाणसं राहत होती!

म्हणून "आता वह्या कशाला" म्हणणाऱ्या पोरांशी माझं जमत नाही. उसनवारी, वाटणी, कोण कोणाशी बोलत नाही, हे वहीतच जायला पाहिजे.

टिकण्याच्या बाबतीत दोघांचाही भरवसा नाही. कागदाला उधई लागते. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल आता काढून टाकू शकतं, म्हणजे लिहिणारा गेला की मागोमाग ब्लॉगही जाऊ शकतो. आमच्या तालुक्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. महानुभाव परंपरा सांगते की मूळ प्रत खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत हरवली आणि पुढं आठवणीतून पुन्हा लिहून काढावी लागली. त्यांना निदान पाठ तरी होतं. मला माझीच मागच्या वर्षीची पोस्ट आठवत नाही, त्यामुळे दर दिवाळीला ब्लॉगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतो आणि निवडक पोस्टी छापून फाइलला लावतो. बायको म्हणते, हे तर पुन्हा वहीच झालं. तिचं काय चुकलं?

वरुड-मोर्शीकडचं कोणी ब्लॉग लिहीत असेल तर लिंक टाका. कोळशीवर स्वतःच्या बागेत काय केलं हे कोणी लिहिलं असेल तर ती आधी टाका.