आधी फादर कमी झाले, मग बायका पुढे आल्या

उपवासकाळ सुरू झाल्यापासून आमच्या वसईतल्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: मुलींना वेदीवर उभं केलं, बायकांच्या हातात ख्रिस्तप्रसाद (पवित्र केलेली भाकर) वाटायला दिला, तेव्हापासून मुलांना फादर व्हावंसं वाटेनासं झालं. जर्मनी-अमेरिकेत आता बायकाच धर्मग्राम (पॅरिश) चालवतात, मिस्सा म्हणजे मुख्य उपासनासुद्धा करतात. अमेरिकेतल्या लिंकनच्या बिशपांनी मुलींना वेदीपासून लांब ठेवलं, तिथली सेमिनरी (फादर घडवणारी शाळा) बघा कशी भरलेली आहे. बायकांनी मागे व्हावं, मुलं आपोआप पुढे येतील. खाली नेहमीची ओळ: खरे कॅथलिक असाल तर पुढे पाठवा.

मी पुढे पाठवला नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे या मेसेजातल्या 'बायका' म्हणजे मीही आहे. राग आला हे खरं, पण इथे रागाचं काम नाही. तारखा आणि आकडे पुरेसे आहेत.

'मुली वेदीवर आल्या आणि फादर आटले.' मुलींना मिस्साच्या वेळी वेदीसेवा, म्हणजे वेदीवर फादरांना मदत, करायला रोमने स्पष्ट मोकळीक दिली ती मार्च १९९४ मध्ये. बायकांना ख्रिस्तप्रसाद वाटता येईल असा सर्वसाधारण नियम त्याआधी, १९७३ मध्ये आला. आता अमेरिकेकडे बघू, कारण मेसेजचा सगळा भर तिच्यावर आहे. तिथे धर्मगुरुपदाच्या शेवटच्या टप्प्याचं शिक्षण घेणारे विद्यार्थी १९६५ मध्ये ८,३०० च्या घरात होते. १९७० मध्ये ते ६,६०० वर आले, १९९० मध्ये ३,६०० वर. म्हणजे निम्म्याहून जास्त घसरण झाली तेव्हा वेदीजवळ मुलगी उभी राहायला अधिकृत परवानगीच नव्हती. आणि १९९४ नंतर? २०१० मध्ये सुमारे ३,५००, २०१५ मध्ये ३,६५०. जिथे होती तिथेच. मुलींमुळे मुलं पळाली असती तर ती पळापळ १९९४ नंतर दिसायला हवी होती.

जगाचा हिशेब याहून गंमतीचा आहे. १९७० मध्ये जगात सुमारे ४ लाख २० हजार फादर होते. १९९० पर्यंत ते ४ लाख ३ हजारांवर आले. मग मुली वेदीवर आल्या, आणि २०१५ पर्यंत आकडा ४ लाख १५ हजारांवर चढला. हा चढ मुलींमुळे झाला असं मी म्हणणार नाही. आफ्रिका आणि आशियात धर्मगुरू वाढले म्हणून तो झाला, आणि आता तो पुन्हा थोडा उतरलाय. पण मेसेजवाल्यांचंच तर्कशास्त्र वापरायचं ठरवलं तर मला तसं म्हणता आलं असतं, एवढंच.

खरी टंचाई या आकड्यांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला की दिसते. १९७० मध्ये कॅथलिक होते ६५ कोटी, आज १४० कोटी. माणसं दुपटीहून वाढली, फादर होते तेवढेच राहिले, आणि तेही युरोप-अमेरिकेत झपाट्याने म्हातारे झाले.

आता सिस्टर्सचा आकडा. तो मेसेजात कुठेच नाही, कारण तो घातला की मेसेज तिथेच संपतो. १९७० मध्ये जगात दहा लाख धर्मभगिनी होत्या. आज सहा लाखांहून कमी आहेत. बायकांना जागा दिली म्हणून पुरुष आले नाहीत असं धरलं, तर मग चार लाख सिस्टर्स कोणामुळे आल्या नाहीत? त्यांच्या कॉन्व्हेंटात तर कोणी पुरुष घुसले नव्हते. दोन्हीकडे ओहोटी लागली ती एकाच काळात, आणि कारणंही बऱ्याच अंशी तीच: घरं लहान झाली, शिक्षणाच्या आणि नोकरीच्या वाटा वाढल्या, पश्चिमेत देवळात जाणारेच घटले, आणि १९७० च्या आसपास हजारो फादरांनी दीक्षा सोडून संसार थाटले. युरोप कशाला, आमच्या घरात बघा. आईला सात भावंडं. त्यातला एक फादर, एक सिस्टर. मला एकच भाऊ, त्याला एकच मुलगा. त्या मुलाने उद्या सेमिनरीत जायचं म्हटलं तर आधी अडवणार कोण? वेदीवरची मुलगी नक्कीच नाही. मेसेज पाठवणाऱ्या काकांनी स्वतःच्या एकुलत्या नातवाबद्दल हा विचार करून पाहावा.

विहीर आटल्यावर गाळ काढायला जी उतरते तिलाच 'पाणी तूच प्यालीस' म्हणण्यातला हा प्रकार आहे.

'पण लिंकनचं काय?' हा एक मुद्दा मात्र खोटा नाही. नेब्रास्कातल्या लिंकन धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या हद्दीत, मुलींना वेदीसेवा करता येत नाही, आणि लोकसंख्येच्या मानाने तिथे धर्मगुरू भरपूर होतात. हे मान्य. मात्र तिथे आणखीही काही आहे, ते मेसेज सांगत नाही. धर्मप्रांताच्या शाळांत फादर स्वतः वर्गावर शिकवतात, म्हणजे पोरांना ते रोज दिसतात, नुसते रविवारी नाही. १९९८ पासून धर्मप्रांताची स्वतःची सेमिनरी आहे. शिवाय त्याच हद्दीत डेंटनला जुन्या लॅटिन मिस्साला वाहिलेल्या एका संघाची सेमिनरी आहे, तिथली मुलं कुठून कुठून आलेली असतात. आणि व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनचं नाव मेसेजात का नाही? तिथेही मुलींना बंदी होती. २००६ मध्ये ती उठली, आणि त्यानंतरही तिथे फादर होणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. मुलग्यांना रोज भेटणारा, हसतमुख, कामात बुडालेला फादर ही लिंकनची खरी जमेची बाजू आहे, असं माझं मत. ती उचलायला आपल्याला कोणी नको म्हटलंय?

'बायकांनी धर्मग्राम चालवणं हे नवं फॅड.' फॅड म्हणायचं तर ते धर्मसभेच्या कायद्यातच छापलेलं आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक कायद्यातलं, ५१७ वं कलम, त्याचा दुसरा भाग: धर्मगुरूंची टंचाई असेल तर बिशप धर्मग्रामाच्या सेवेत डिकनला (फादरच्या खालची दीक्षा घेतलेल्या सेवकाला) किंवा धर्मगुरू नसलेल्या इतर व्यक्तीलाही वाटेकरी करू शकतात, मात्र एका फादरच्या देखरेखीखाली. तो कायदा जारी केला जॉन पॉल दुसरे यांनी. त्यांनीच १९९४ मध्ये स्त्रियांना धर्मगुरुदीक्षा देता येणार नाही हेही ठासून सांगितलं. म्हणजे ज्या पोपनी एक दार बंद केलं, त्यांच्याच सहीने दुसरं उघडलेलं आहे.

आणि कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून बायका हे करत आल्यात. कोरियाची गोष्ट मला फार आवडते. तिथली ख्रिस्तसभा १७८४ मध्ये सामान्य लोकांनीच सुरू केली, फादर नव्हताच. दहा वर्षांनी चीनहून एक फादर गुपचूप आले, झोऊ वेनमो. छळ चालू होता. त्यांना सहा वर्षं स्वतःच्या घरात लपवलं कोलंबा कांग वान-सुक या बाईंनी. त्यांनीच बायकांना धर्मशिक्षण दिलं, नव्या लोकांना आणलं. १८०१ मध्ये दोघेही मारले गेले. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दोघांनाही धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. हे फॅड असेल तर ते सव्वादोनशे वर्षांचं आहे.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात ते आजही चालू आहे. तिथल्या काही वस्त्यांत फादर महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं पोचत नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये यावर सिनड, म्हणजे बिशपांची सभा, भरली. विवाहित डिकनांपैकी योग्य पुरुषांना धर्मगुरुदीक्षा द्यावी, हा ठराव १२८ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांचं पत्र आलं, त्यात त्यांनी तो ठराव उचललाच नाही. मला ते खटकलं होतं, अजून खटकतं. पण त्याच पत्रात त्यांनी लिहिलंय की दशकानुदशकं फादरशिवाय राहिलेल्या तिथल्या वस्त्यांत श्रद्धा टिकली ती खंबीर आणि उदार स्त्रियांमुळे. त्यांनी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) दिले, धर्मशिक्षण दिलं, प्रार्थना चालवल्या. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, वाचक आणि वेदीसेवक ही रीतसर पदं स्त्रियांना खुली झाली.

'बायका मिस्सा करतात.' नाही करत. कॅथलिक कायद्यात मिस्सा अर्पण करणं, पापनिवेदन ऐकून क्षमा देणं आणि आजाऱ्याला तैलाभ्यंग (पवित्र तेल लावण्याचा संस्कार) देणं ही फक्त धर्मगुरूची कामं आहेत. ग्रुपावर फिरणारे झगा घातलेल्या बाईंचे फोटो बहुधा अँग्लिकन किंवा लुथरन चर्चचे असतात. आपल्याच देशात चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या. ती मंडळी वेगळी, त्यांचे नियम वेगळे. २००२ मध्ये डॅन्यूब नदीवर सात कॅथलिक बायकांनी परस्पर दीक्षा घेतली, तेव्हा रोमने त्यांना त्याच वर्षी बहिष्कृत केलं.

मग बायका काय करू शकतात? एक उदाहरण. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये, लोरॅनव्हिल गावी, जुलै २०१७ मध्ये सिस्टर पिएरेत तिफो यांनी एका जोडप्याचं लग्न लावलं. फादर नाहीत, डिकन नाहीत, म्हणून बिशपांनी रोमची परवानगी आणवली. कायद्यात तशी सोय आहे, आणि लग्नाचा संस्कार वधूवर एकमेकांना देतात, लावणारा फक्त साक्षीदार. जर्मनीत एसेनच्या बिशपांनी २०२२ मध्ये १८ जणांना स्नानसंस्कार द्यायची मुभा दिली, त्यातल्या १७ बायका. पुढच्या वर्षी रोमने जर्मन बिशपांना यावर हरकत कळवली. म्हणजे वर बसलेली मंडळी झोपलेली नाहीत. काकांनी निश्चिंत असावं.

'सगळीकडे बायकांनी ताबा घेतलाय.' अमेरिकेत २०१५ मध्ये १७ हजारांच्या वर धर्मग्राम होते. त्यातले ५१७ व्या कलमाखाली धर्मगुरूऐवजी दुसऱ्याकडे सोपवलेले २००५ च्या सुमाराला साडेपाचशे होते, दहा वर्षांनी चारशेच्या आत आले. यात डिकन आणि ब्रदर्सही धरलेत. ताबा घेतलेली माणसं अशी कमी होत जात नाहीत. ती का कमी झाली? धर्मग्रामच एकमेकांत विलीन केले गेले, कुठे परदेशातून फादर आणले गेले. आपल्या देशातलेही कितीतरी फादर तिकडे आहेत. हां, पगारी सेवेत असलेल्या प्रापंचिकांत, म्हणजे दीक्षा नसलेल्या लोकांत, तिथे दहातल्या आठ बायका आहेत, हे खरं. धर्मशिक्षण, आजारी, गायन, हिशेब. सत्ता असलेली कामं यात कुठली ते मला कोणीतरी सांगावं.

राहिलं शेवटचं: 'बायकांनी मागे व्हावं.'

आमच्या गल्लीतल्या एक मावशी दर पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेतात. गळ्यात शिवलेली पांढरी पिशवी, तिच्यात बोटभर उंचीची गोल डबी. वाटेत कोणी बोलवलं तर नुसती मान हलवतात, थांबत नाहीत. एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत. पहिल्यांदा मी मावशींबरोबर गेले होते. स्टुलावर रुमाल अंथरला, मेणबत्ती लावली. आजींनी मावशींकडे पाहिलं, मग दाराकडे. 'फादर मागून येतायत?' मावशी म्हणाल्या, 'फादर सणाच्या आधी येतील, तुमचं कन्फेशन घ्यायला. आज मीच.' आजींनी तोंड फिरवलं. मावशी काही न बोलता खुर्चीवर बसल्या आणि 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हणायला लागल्या. अर्ध्यावर आजींचा आवाज त्यात मिसळला. शेवटी त्यांनी तोंड उघडलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मावशींना ताप होता म्हणून डबी दुसऱ्या कोणी नेली. आजींनी विचारलं, 'आपली बाई कुठाय?'

मेसेज मला ज्यांनी पाठवला ते काका या आजींचेच चिरंजीव. पहिल्या शुक्रवारी सकाळी ते दुकानात असतात.