तीस पेशंट, एक सिस्टर, आणि तरीही संशोधन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सिस्टर,

मागच्या लेखात मी सँडी मिडलटन आणि ज्युली बर्नहार्ट या ऑस्ट्रेलियातल्या दोघींबद्दल लिहिलं होतं. एक नर्स, दुसरी फिजिओथेरपिस्ट. दोघींनी पक्षाघाताच्या पेशंटची रोजची देखभाल हाच संशोधनाचा विषय केला आणि आपल्यामागे माणसं तयार केली. आपल्याकडच्या नर्सिंग आणि फिजिओच्या मुलामुलींनीही ही वाट धरावी, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘परदेशातल्या गोष्टी सांगायला सोप्या असतात. आमच्या मेडिसिन वॉर्डात नाइटला एका सिस्टरकडे तीस पेशंट असतात. संशोधन ही मोठ्या शहरांतल्या लोकांची चैन आहे. तुम्ही ज्या चाचण्यांचं कौतुक केलंत त्यांतल्या दोन तर फसल्याच. आणि मार्गदर्शन म्हणजे आपल्याकडे पोरांकडून फॉर्म भरून घ्यायचे आणि पेपरवर स्वतःचं नाव लावायचं. आधी माणसं द्या, मग भाषणं द्या.’

तीस पेशंटची गोष्ट मला कुणी सांगायला नको. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशाच वॉर्डांत काम करते. एकाची राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी, निघालेली, शेजारच्याचं सलाइन संपत आलेलं, तिसऱ्याचे नातेवाईक ‘डॉक्टर कधी येणार’ म्हणत टेबलाशी उभे, आणि या सगळ्यात सिस्टर एकच. माणसं हवीतच, त्यात दुमत नाही. पण माणसं मिळेपर्यंत संशोधन बाजूला ठेवा, हे मला अजिबात पटत नाही. हात कमी असले की ते कुठे लावायचे हे माहीत असण्याची गरज वाढते. भरपूर स्टाफ असलेल्या ठिकाणी चार निरुपयोगी कामं खपून जातात. तुमच्या वॉर्डात एक निरुपयोगी काम केलं की कुणाच्या तरी वाट्याचं उपयोगी काम राहून जातं.

मिडलटनबाईंची चाचणी जरा नीट सांगते, कारण मागच्या वेळी मी ती दोन ओळींत उरकली होती. 2011 साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. न्यू साउथ वेल्स राज्यातली 19 स्ट्रोक युनिट, म्हणजे पक्षाघाताच्या पेशंटसाठीचे वेगळे विभाग, त्यात दोन गटांत विभागली होती; एका गटात पुढची पद्धत बसवली, दुसरा तुलनेसाठी. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. पेशंट दाखल झाल्यापासून पहिले 72 तास दर चार तासांनी ताप बघायचा, आणि 37.5 सेल्सिअस, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर 99.5, किंवा त्यावर गेला की पॅरासिटामॉल द्यायची. साखर ठरलेल्या वेळी तपासायची, चढली तर इन्सुलिन. आणि तोंडाने अन्न, पाणी, गोळी काहीही देण्याआधी गिळता येतंय का ते तपासायचं. ही तिन्ही कामं नर्सच्या हातची. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की मेलेल्या भागाभोवती अजून तग धरून असलेल्या पेशी असतात. ताप आणि चढलेली साखर त्यांचं नुकसान वाढवतात, आणि चुकीच्या वाटेने गेलेला घोट फुप्फुसात न्यूमोनिया करतो. 90 दिवसांनंतर मृत्यू किंवा परावलंबन आलेल्यांचं प्रमाण तुलनेच्या गटात 58 टक्के होतं, या गटात 42 टक्के. शंभरामागे जवळपास सोळा माणसांचा फरक.

आता तुमच्या ‘भाषणां’च्या मुद्द्याला धरून एक गोष्ट सांगते. तुलनेच्या गटातल्या युनिटांना रिकाम्या हाताने ठेवलेलं नव्हतं. त्यांना मार्गदर्शक सूचनांची संक्षिप्त प्रत दिली होती. दुसऱ्या गटात संशोधकांची माणसं प्रत्यक्ष गेली, तिथल्या सिस्टर आणि डॉक्टरांना एकत्र बसवलं, ‘तुमच्याकडे हे का होत नाही’ हे त्यांच्याच तोंडून काढून घेतलं, त्यावरचे उपायही त्यांनाच ठरवू दिले, शिकवलं, आणि नंतर फोन, ईमेल आणि भेटी करून पाठपुरावा ठेवला. सूचना दोन्हीकडे होत्या. एकीकडे कागद गेला, दुसरीकडे माणूस गेला. म्हणून मी मार्गदर्शनाला संशोधनाची शोभा वाढवणारी गोष्ट मानत नाही. या चाचणीत ते उपचाराचाच भाग होतं.

ऑस्ट्रेलियातला आकडा आपल्या जिल्हा रुग्णालयात जसाच्या तसा उतरेल असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे स्ट्रोक युनिट होती, आपल्याकडे मेडिसिन वॉर्डातली एखादी रांग असते. याच टीमने पुढे 26 अपघात विभागांत अशाच तऱ्हेचा प्रयोग केला, तिथे पेशंटच्या प्रकृतीत फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी जाहीर केलं. पण युरोपातल्या 17 देशांतल्या 64 रुग्णालयांत ही पद्धत नेली तेव्हा ताप, साखर आणि गिळण्याकडे बघण्याची वॉर्डाची सवय बदलली. जागा बदलली की उत्तर बदलू शकतं. म्हणून तर आपल्या जागेवर आपणच तपासायला हवं.

गिळण्याचंच घ्या. आपल्याकडे पक्षाघाताचा पेशंट वॉर्डात आला की थोड्याच वेळात घरचं कुणीतरी चमच्याने चहा पाजायला लागतं. तोंड वाकडं झालंय, जीभ जड आहे, माणूस आडवाच आहे, आणि ‘सकाळपासून पोटात काही नाही’ म्हणून माऊली मायेने चमचा पुढे करते. ठसका लागला तर निदान कळतं तरी. कित्येकांना ठसकाही लागत नाही, घोट गुपचूप श्वासनलिकेत उतरतो आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढतो. तपासणी काय आहे? आधी पेशंट पुरेसा जागा आहे का ते बघायचं. पाठीला आधार देऊन सरळ बसवायचं. चमचाभर पाणी द्यायचं, कंठमणी वर सरकतो का ते बोटांनी चाचपायचं, मग ‘आ’ म्हणायला लावायचं. खोकला आला किंवा आवाज ओलसर, घुरघुरता आला, तर थांबायचं आणि तोंडाने काही द्यायचं नाही. यासाठी शिकलेला माणूस लागतो आणि थोडा वेळ लागतो. न्यूमोनिया झालेल्या पेशंटला पुढचे कित्येक दिवस सक्शन, ऑक्सिजन, अँटिबायोटिक द्यायला लागणारा वेळ याच्या कितीतरी पट असतो, आणि तोही तुमच्याच नाइटमधून जातो.

आता ‘फसलेल्या’ चाचण्या. या शब्दावर माझा खरा आक्षेप आहे.

बर्नहार्ट यांनी सुरुवात केली ती नुसतं बघण्यापासून. मेलबर्नच्या पाच स्ट्रोक युनिटांत सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर दहा मिनिटांनी पेशंट काय करतोय, कुठे आहे, जवळ कोण आहे याची नोंद. 2004 साली निष्कर्ष आला: निम्म्याहून जास्त वेळ पेशंट खाटेवरच, आणि 60 टक्क्यांहून जास्त वेळ एकटा. मग साहजिकच वाटलं की लवकर उठवलं, जास्त हालचाल करवली, तर पेशंट लवकर सुधारेल. आम्हा फिजिओंपैकी बहुतेकांची हीच श्रद्धा होती. त्यांनी श्रद्धेवर न थांबता पाच देशांतल्या 56 युनिटांत 2104 पेशंटवर चाचणी केली. 2015 साली उत्तर आलं ते उलटं: 24 तासांच्या आत, जास्त वेळा आणि जास्त मिनिटं उठवलेल्या गटात चांगली सुधारणा 46 टक्क्यांची, नेहमीच्या पद्धतीने हाताळलेल्या गटात 50 टक्क्यांची. ज्या गोष्टीवर इतकी वर्षं मेहनत घेतली तिच्याविरुद्ध गेलेलं उत्तर त्यांनी जगासमोर ठेवलं. त्याच आकड्यांच्या पुढच्या विश्लेषणात दिसलं की एका वेळी थोडी मिनिटं पण जास्त वेळा उठवणं बरं. पहिल्या दिवशी पेशंटला एकदाच धरून अर्धा तास दमवणारा फिजिओ आजही आपल्याकडे दिसतो, आणि त्याच्या मदतीला वॉर्डबॉय मामांना आणि तुम्हालाच हातातलं काम सोडून यावं लागतं. ते थांबवायला आधार मिळाला तो या ‘फसलेल्या’ चाचणीतून.

दुसरी चाचणी तर आपल्याच देशातली. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि सिडनीचे रिचर्ड लिंडली यांच्या पुढाकाराने भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 पेशंट घेतले गेले. फिजिओ पुरे पडत नाहीत, घरचं माणूस मात्र असतंच, तर त्यालाच व्यायाम शिकवून घरी पाठवलं तर? रुग्णालयातच शिकवायला सुरुवात केली, पुढे दोन महिन्यांपर्यंत घरी पाठपुरावा ठेवला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन 47 टक्केच. 2017 साली हे प्रसिद्ध झालं. फरक शून्य.

ही चाचणी झालीच नसती तर काय झालं असतं, याचा विचार करा. कल्पना स्वस्त आहे, ऐकायला गोड आहे, कुटुंबव्यवस्थेचं कौतुकही त्यात होतं. एखाद्या बैठकीत ती मंजूर झाली असती, पुस्तिका छापल्या असत्या, नातेवाइकांना शिकवायचं काम सिस्टरच्या यादीत चढलं असतं, आणि फिजिओची पदं रिकामी ठेवायला एक सोयीचं कारण मिळालं असतं. घरी गेलेली सून किंवा बायको आपलं काहीतरी चुकतंय म्हणून स्वतःला दोष देत राहिली असती. हे सगळं ज्या निष्कर्षाने रोखलं, त्याला मी फसलेला म्हणणार नाही. जखमेची काळजी, कूस बदलणं, औषधांच्या वेळा हे घरच्यांना शिकवायलाच हवं. पण त्यांच्या खांद्यावर थेरपिस्टचं काम टाकून आपण मोकळं होऊ शकत नाही, हे आता छापील पुराव्यासह सांगता येतं.

मार्गदर्शनाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते खरं आहे, आणि त्याचा मला तुमच्याइतकाच राग आहे. पदव्युत्तर मुलीने रात्र-रात्र केसपेपर उपसायचे, सिस्टरने तिला रजिस्टरं काढून द्यायची, आणि छापून येताना पहिलं नाव साहेबांचं, सिस्टरचं तर आभारातही नाही. असं करणाऱ्याला मी मार्गदर्शक म्हणत नाही. आमच्या गटात कुणाचं नाव कुठे येणार हे पहिल्या बैठकीत लिहून ठेवतो, आणि काम कमी-जास्त झालं तर सगळ्यांसमोर बदलतो. ज्याने प्रश्न विचारला त्यालाच आम्ही तो पुढे न्यायला लावतो.

नव्या मुलांना मी आधी लेख वाचायला देत नाही. घड्याळ आणि कागद घेऊन एका खाटेशेजारी बसवते, बर्नहार्ट यांच्या पद्धतीने. एका इंटर्न मुलीने अशा एका दुपारी टिपलं की पेशंटची डावी बाजू गेलेली, आणि लॉकर, पाण्याची बाटली, मोबाइल सगळं डावीकडेच. पाणी हवं असलं की तो उजव्या हाताने खाटेचा कठडा वाजवायचा. तिने मग वॉर्डातल्या सगळ्या पक्षाघाताच्या खाटा तपासल्या. मावशींशी बोलून लॉकर हलवण्याची पद्धत बसवली आणि महिन्याभराने पुन्हा मोजलं. हे ‘लॅन्सेट’मध्ये जाणार नाही. पण मोजायचं, बदलायचं आणि पुन्हा मोजायचं ही सवय तिच्या हाताला लागली, आणि आता ती तिच्या ज्युनिअरना लावते आहे.

मोठ्या शहरांची चैन म्हणालात, तर गडचिरोलीकडे बघा. तिथे आरोग्याचं काम करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून 2015 साली पुढे आलं की तिथल्या खेड्यांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात आहे, साधारण दर सात मृत्यूंमागे एक, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू घरीच झालेले. ही माणसं कुठल्याच रुग्णालयाच्या रजिस्टरात नव्हती. गावोगाव जाऊन कुणी विचारलं नसतं तर पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे हा समज तसाच चालू राहिला असता, आणि बीपी तपासायचा पैसा भलतीकडेच गेला असता.

एक गैरसमज मात्र नको: वॉर्डातल्या सिस्टरने हे सगळं ड्यूटी संपल्यावर, पदरचा वेळ घालून करावं, असं माझं म्हणणं नाही. रोस्टरमध्ये त्यासाठी तास हवेत, बढतीत त्याची दखल हवी. आज ती नाही, आणि त्यासाठी भांडायला हवं. त्या भांडणातही मोजलेलंच कामाला येतं. तुमच्या वॉर्डातले मागच्या तीन महिन्यांतले पक्षाघाताचे केसपेपर काढा. पहिल्या 72 तासांत ताप किती वेळा नोंदला गेला आणि किती वेळा नोंदायला हवा होता, तसंच साखर, तसंच गिळण्याची तपासणी, आणि त्या-त्या शिफ्टला सिस्टर किती होत्या, एवढंच मांडा. मेट्रन आणि एथिक्स कमिटीकडे परवानगीचं पत्र आधी द्यावं लागेल, त्याचा मसुदा मी करून देते. तक्ता बसवायलाही येते. रिकाम्या पदांसाठी संघटनेचं निवेदन जाईल तेव्हा तो तक्ता त्याला जोडा. निवेदनावर फिजिओंच्या सह्या चालत असतील तर मी माझ्या विभागातल्या सगळ्यांच्या घेऊन येईन.