चिपीचं विमान, कोकण रेल्वे आणि पोटापाण्याचा प्रश्न: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मालवणचो झील’ यांस,

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गेल्या लेखात मी म्हटलं होतं की सहलीतलं बरंचसं कार्बन उत्सर्जन प्रवासात होतं, तेव्हा सुट्टी म्हटली की लगेच लांबचं विमान शोधू नये. त्यावर तुम्ही विचारलंत की विमानांचा वाटा जेमतेम अडीच टक्के असताना एवढा गहजब कशाला? गोऱ्यांनी इतकी वर्षं हवं तसं उडून घेतलं आणि आपला मध्यमवर्ग विमानात बसायला लागल्यावरच हा उपदेश का सुचला? आणि शेवटी, ‘आमच्या पोटावर पाय देऊन तुम्ही पृथ्वी वाचवणार का?’ तुमचं न्याहारी-निवास केंद्र आहे हेही तुम्ही लिहिलंत. त्यामुळे शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण आधीचे दोन उरकून घेतो.

अडीच टक्के हा आकडा चुकीचा नाही. मात्र तो फक्त विमानाच्या इंधनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आहे. विमानं उंचावर जे पांढरे पट्टे सोडतात त्यांनीही तापमान वाढतं, ते त्यात धरलेलं नाही. पर्यटन म्हणजे काही नुसतं विमान नव्हे. मोटारी, हॉटेलांची वीज, जेवणखाण, खरेदी सगळं त्यात येतं. हे सगळं मोजणारा एक अभ्यास 2018 मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आला. त्यात जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे 8 टक्के वाटा पर्यटनाचा निघाला. 2024 मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात 2019 सालासाठी तो 8.8 टक्के होता. आणखी एक गंमत अशी की आंतरराष्ट्रीय विमानांचं उत्सर्जन कुठल्याच देशाच्या खात्यावर चढत नाही. 1997 च्या क्योटो हवामान करारात ते कमी करायचं काम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवलं गेलं आणि या संघटनेला उत्सर्जनाच्या भरपाईची योजना ठरवायला 2016 उजाडलं. ती योजना आपल्याला बंधनकारक होणार 2027 पासून. घरातल्या पंख्याच्या विजेचा हिशोब देशाच्या खात्यात येतो, मुंबई-लंडन विमानाचा येत नाही.

तुमचा दुसरा आक्षेप मला मान्य आहे, अगदी मनापासून. 2018 साली जगातल्या फार तर 11 टक्के माणसांनी विमानप्रवास केला आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या उत्सर्जनाला जगातली 1 टक्का माणसं जबाबदार होती, असा संशोधकांचा अंदाज आहे. पण हाच आरसा जरा आपल्याकडे वळवून बघा. मुंबईहून लंडनला जाऊन येण्यात इकॉनॉमीतल्या एका माणसाच्या वाट्याला साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड येतो. सरासरी भारतीय माणसाचं वर्षाचं सगळं मिळून दोन टनांच्या आसपास असतं. म्हणजे आपण ‘मध्यमवर्ग’ म्हणवून घेत जी युरोप टूर करतो, ती आपल्याच देशातल्या बहुसंख्यांच्या हिशोबात श्रीमंती चैन ठरते. अमेरिकेतल्या खाजगी जेटवाल्यांनी आधी कमी करावं, यात वादच नाही. त्यांचं पाप मोठं म्हणून आपलं माफ होतं, एवढंच मला पटत नाही. शिवाय ‘निसर्ग’ चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पुढच्याच वर्षी तौक्तेने तुमच्या किनाऱ्याला झोडपलं. एखादं वादळ कशामुळे आलं हे बोट दाखवून सांगता येत नाही, पण अरबी समुद्र तापतोय आणि तिथली वादळं अधिक जोरकस होतायत, हे हवामानशास्त्रज्ञ बरीच वर्षं सांगतायत. त्याचा फटका बसणार तो किनाऱ्यावरच्या धंद्यालाच.

आता पोटाचा प्रश्न. त्यासाठी तुमच्याच धंद्याचा हिशोब मांडू. मुंबईचं एक जोडपं पेट्रोलच्या गाडीने मालवणला येतं. जायचे 500, यायचे 500 किलोमीटर. लिटरला 15 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर 67 लिटर, आणि लिटरमागे 2.3 किलोच्या हिशोबाने साधारण 154 किलो कार्बन डायऑक्साइड. तुमच्याकडे एसीची खोली घेतली, रात्रीला दहा युनिट जळाले. आपली वीज मुख्यतः कोळशाची, म्हणून युनिटला 0.7 किलो धरू. रात्रीचे झाले 7 किलो. जेवणाचं सोडून देतो, घरी राहिले असते तरी जेवलेच असते. (आणि तुमच्याकडे ताजा बांगडा खाणार असतील तर उलट बरंच. कोकणात येऊन पनीर मागणाऱ्यांवर वेगळा लेख लिहायला हवा.)

हे जोडपं दोन रात्री राहिलं तर एकूण 168 किलो. सहा रात्री राहिलं तर 196. उत्सर्जन वाढलं 28 किलोने, तुमचं खोलीभाडं झालं तिप्पट. खानावळवाल्याचं, बोटवाल्याचं, रिक्षावाल्याचंही त्याच मापाने वाढलं. उलट तीच माणसं दोन-दोन रात्रींसाठी वर्षातून तीनदा गाडी काढून आली, तर तुम्हाला भाडं सहा रात्रींचंच मिळणार आणि धूर मात्र 500 किलोच्या वर. तेव्हा ‘कमी कार्बन म्हणजे कमी धंदा’ हे समीकरण तुमच्यापुरतं तरी बसत नाही. ते बसतं विमान कंपनीला आणि पेट्रोल पंपाला.

लोक सहा रात्री राहत का नाहीत, हा खरा अवघड भाग आहे आणि त्याचं खापर मी पर्यटकावर फोडणार नाही. सलग आठवडाभर रजा मागितली की साहेबाचं तोंड वाकडं होतं. मुलांच्या परीक्षा असतात. मग कॅलेंडरवर शुक्रवारची किंवा सोमवारची सुट्टी दिसली की सगळी मुंबई-पुण्याची जनता एकाच वेळी घाट उतरते, हॉटेलवाले दर दुप्पट करतात आणि मंगळवारी सगळं ओस. मला वाटतं, सुट्ट्यांची ही पद्धत बदलली तर जेवढं उत्सर्जन वाचेल तेवढं वैयक्तिक निश्चयाने वाचणार नाही.

आणि रेल्वे. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 2022 पासून विजेवर आहे. वीज कोळशाची असली तरी भरलेल्या गाडीत माणशी वाटा मोटारीच्या मानाने अगदी थोडा पडतो. कुडाळला किंवा कणकवलीला उतरून एसटीने मालवण गाठणाऱ्याचा प्रवासाचा आकडा एकदम खाली येतो. पण मे महिन्यात आणि गणपतीत तिकीट मिळतं कुणाला? आरक्षण उघडलं की मिनिटांत वेटिंग. 740 किलोमीटरच्या या मार्गावर रोहा ते वीर एवढा टप्पा दुहेरी झाला, बाकी एकेरीच. जादा गाड्या सोडायच्या म्हटलं तरी समोरून येणाऱ्या गाडीसाठी क्रॉसिंगला ताटकळत राहायचं.

झाडं लावून भरपाई करता येईल असंही तुम्ही सुचवलंत. झाडं जरूर लावा. पण आज सोडलेला टनभर वायू शोषून घ्यायला रोपट्याला कित्येक वर्षं लागतात, आणि मधल्या काळात ते जगतंच असं नाही. मी स्वतः विमानाने जातो का, हेही विचारलंत. जातो, कामासाठी आणि क्वचित नातेवाइकांकडे. त्याने वरचा हिशोब बदलत नाही.

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या बाबतीत मात्र आपलं जमणार नाही. 2021 मध्ये ते विमानतळ सुरू झालं, 2023 मध्ये सीमेपलीकडे गोव्यात मोपा सुरू झालं. चिपीला आणखी फेऱ्या आणण्यासाठी सरकारने सवलती द्याव्यात असं तुमचं म्हणणं. माझ्या मते तोच पैसा आणि तोच राजकीय जोर वीरच्या पुढे दुसरा रूळ टाकायला लावावा. विमानातून फार तर दीड-दोनशे माणसं उतरतात, एका रेल्वेगाडीतून हजारावर येतात.

तुमच्याकडून एक माहिती हवी आहे, जमलं तर खाली लिहा. गेल्या हंगामात तुमच्याकडे दोन रात्रींचे पाहुणे किती आले, आणि चार-पाच रात्री राहिलेले किती? जास्त राहणाऱ्याला तुम्ही दरात काही सूट देता का?